सासूबाईंच्या दिवाणावरून दिसणारा टीव्ही

आमचा टीव्ही गेला तो २०२५ च्या अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यात. गेला म्हणजे पुरता गेला नाही. आवाज येत होता, चित्र नव्हतं. सासूबाईंनी तीन दिवस संध्याकाळच्या मालिका नुसत्या ऐकल्या. वर मलाच म्हणाल्या, "अगं, आकाशवाणीवर श्रुतिका अशाच ऐकायचो आम्ही. काही अडत नाही." अडत नाही म्हणायचं आणि उसासा टाकायचा, म्हणजे सुनेने काय समजायचं ते समजावं.

आम्ही कळव्यात राहतो. नाक्याजवळच्या गल्लीत टीव्ही दुरुस्त करणारा एक मुलगा बसतो, त्याला बोलावलं. त्याने पडदे ओढले, ट्यूब बंद केली आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनला अगदी चिकटवून तिरपा धरला. त्या गोल उजेडात बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा दिसला. करडा, पाण्याखाली असल्यासारखा. "चित्र आहे ताई, उजेड गेलाय." काचेमागे छोट्या एलईडी दिव्यांच्या पट्ट्या असतात. दिवे एकामागोमाग एक जोडलेले, दिवाळीच्या जुन्या माळेसारखे. एक उडाला की सगळी माळ बंद. स्वस्त टीव्हीत दिवे मोजके घालतात आणि ते जोरात जाळतात, त्यात आपण ब्राइटनेस १०० वर ठेवतो, असं त्याचं निदान. मी आठवून बघितलं. आमचा १०० वरच होता.

पट्ट्या बदलायचे २,४०० रुपये, तीन महिन्यांची गॅरंटी, आणि उघडताना पॅनलला, म्हणजे चित्र उमटतं त्या काचेला, तडा गेला तर त्याच्याकडे बोट दाखवायचं नाही. तडा गेला की विषयच संपला. टीव्हीच्या किमतीत मोठा वाटा पॅनलचाच, त्यामुळे नवीन पॅनल घालून घेण्यापेक्षा नवीन टीव्ही परवडतो.

मी पतपेढीत हिशेब लिहिते, तेव्हा आधी हिशेब. हा ४३ इंची टीव्ही २०२१ च्या दिवाळीत ऑनलाइन सेलमध्ये १७,९९९ ला घेतला होता. साधारण १,४०० दिवस चालला. दिवसाला तेरा रुपयेही पडले नाहीत, तेवढ्यात वडापाव येत नाही. त्यामुळे स्वस्तातला घेऊन फसलो असं काही मला म्हणवत नाही. राग आहे तो वेगळाच. दुसऱ्या वर्षी रिमोटचा सेन्सर गेला तेव्हा कंपनीचा माणूस यायला सतरा दिवस लागले. एक वर्षाची वॉरंटी महिन्यापूर्वीच संपलेली, म्हणून पैसेही घेतले. सतरा दिवस आम्ही आळीपाळीने टीव्हीच्या पाठीत हात घालून बटण चाचपडत होतो. पालीच्या भीतीने चिरंजीव तेवढं करायचे नाहीत.

तर नवा टीव्ही. नवऱ्याचं म्हणणं ५५ इंची घेऊ, वर्ल्ड कप येतोय. वर्ल्ड कप नेहमीच येत असतो. चिरंजीवांना फोरके, म्हणजे सगळ्यात बारीक ठिपक्यांच्या चित्राचा हवा. सासूबाईंना फक्त बटण दाबलं की चॅनल लागायला हवा. आणि सगळेजण एकमुखाने सांगत होते, २२ सप्टेंबरपर्यंत थांबा, घटस्थापनेपासून जीएसटी उतरतोय. थांबलो.

त्या रविवारी चौघं ठाण्याला गेलो. गोखले रोडच्या बाजूच्या एका दुकानात प्रत्येक टीव्हीवर लाल कागद: 'जीएसटी कपात, १० टक्के स्वस्त'. ३२ इंचांवरच्या टीव्हीचा दर २८ वरून १८ टक्के झाला हे खरं. पण १०० च्या मालाचे १२८ होत होते ते आता ११८ होतात. खिशाच्या बाजूने बघितलं तर सूट आठ टक्केसुद्धा नाही. आणि ३२ इंचांपर्यंतचे टीव्ही तर १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्क्यांत आहेत, तरी लाल कागद त्यांच्यावरही. हे मी विक्रेत्या मुलाला समजावून सांगितलं. त्याने मला पाणी आणून दिलं.

दुकानातले सगळे टीव्ही एकजात सुंदर दिसतात. पोपट, मधाची धार, संथपणे उमलणारं फूल. ते चित्रण मुद्दाम त्यासाठीच केलेलं असतं आणि टीव्हीचे रंग भडक करून ठेवलेले असतात. १६,४९० चा ४३ इंची फोरके बघून आम्ही तिघं हरखून उभे होतो. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्यांना रांगेच्या टोकाला स्टुलावर बसवलं होतं. त्या म्हणाल्या, "हा आपल्या घरच्यासारखाच आहे. पांढराफटक."

कसा पांढराफटक? माझ्यासमोर हिरवागार पोपट. मी त्यांच्याजवळ जाऊन स्टुलाशी वाकले आणि तिथून बघितलं. पोपटावर कुणीतरी पातळ ताक ओतलं होतं.

आमचा हॉल दहा बाय चौदा. टीव्ही शोकेसवर, सोफा समोर, आणि सासूबाईंचा दिवाण बाजूच्या भिंतीला, खिडकीखाली. चार वर्षं त्या सांगत होत्या की ह्या टीव्हीचा रंग उडालाय, सगळ्या बायका पिठात लोळून आल्यासारख्या दिसतात. आम्ही त्यांना दोनदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू होताच, ऑपरेशनही झालं. त्यानंतरही त्या तेच म्हणाल्या, तर आम्ही म्हटलं, आई, नवीन चष्म्याची सवय व्हायला वेळ लागतो. चार वर्षांत एकदाही कोणी त्यांच्या जागेवर बसून बघितलं नाही. मी तिथे बसते ती सकाळी भाजी निवडायला, तेव्हा टीव्ही बंद असतो.

रात्री घरी येऊन वाचत बसले. ह्या टीव्हींत पॅनल मुख्यतः दोन जातींचे, व्हीए आणि आयपीएस. व्हीएमध्ये काळा रंग चांगला काळा दिसतो, पण समोरून; बाजूला सरकलात की रंग विटतात. आयपीएसमध्ये बाजूनेही रंग टिकतो, फक्त अंधाऱ्या खोलीत काळ्याचा करडा होतो. आमच्याकडे साडेदहापर्यंत ट्यूब चालू असते, अंधार करून टीव्ही बघायची चैन कोणाला? अडचण अशी की खोक्यावर पॅनलची जात बहुधा छापत नाहीत. छापतात ते '१७८ अंशातून स्पष्ट चित्र', आणि ते दोन्ही जातींवर सारखंच छापतात. तेव्हा दुकानात बाजूला जाऊन उभं राहणं हाच उपाय. पुढच्या रविवारी मी स्टूल घेऊन टोकाटोकाला बसत फिरले. पाणी देणारा मुलगा ओळखू लागला.

फोरकेचा निकाल त्याच फेरीत लागला. आमचं केबलचं पॅकेज साध्या चॅनलांचं, एचडीचं नाही. साध्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाखांच्या वर थोडे ठिपके. फोरके पडद्यावर ३,८४० गुणिले २,१६०, जवळजवळ ८३ लाख. एका ठिपक्याचे वीस करून टीव्हीने जागा भरायची. कालवण चौघांचं आणि पंगत ऐंशीची. जादा पाणी घालताना महाग टीव्ही थोडी तरी चव राखतो, स्वस्त टीव्ही नुसता पसरवतो. चिरंजीवांच्या मोबाइलचं हॉटस्पॉट देऊन मी दुकानातल्या फोरकेवर यूट्यूबची जुनी क्लिप ४८० वर, म्हणजे कमी ठिपक्यांत लावायला लावली. गाणाऱ्या बाईंच्या नाकाच्या जागी नुसता धब्बा. चिरंजीव काही बोलले नाहीत, पण फोरकेचं नाव पुन्हा काढलं नाही.

स्वस्त टीव्हीचा 'स्मार्ट'पणाही मी सोडून दिला. त्यात रॅम, म्हणजे टीव्हीची कामाची मेमरी, बेताचीच. नवा असताना पळतो, दोन-तीन वर्षांत रिमोट दाबून चहा टाकून यावं इतका वेळ घेतो. तेव्हा इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारी तीन-चार हजारांची स्टिक मागे लावता येते. आवाजाचंही तेच, बाहेरून स्पीकर जोडता येतो. पॅनल काही बाहेरून जोडता येत नाही. म्हणून पैसे तिथे घालायचे ठरवलं. बाजूने चांगला दिसणारा ४३ इंची होता २७ हजारांच्या पुढे. शिवाय त्याचे पाय दोन टोकांना, आमच्या शोकेसच्या बाहेर जाणारे. जुन्याला मी खाली फळी टाकून चार वर्षं सांभाळलं. भिंतीवर लावायचा तर पलीकडे बाथरूम, पावसाळ्यात ती भिंत ओल धरते.

शेवटी घेतला तसाच बाजूने चांगला दिसणारा ३२ इंची, एचडी रेडी, म्हणजे फोरकेपेक्षा पुष्कळ कमी ठिपक्यांचा, १४,४९० ला. "सोळा हजारांत मोठा मिळत असताना साडेचौदा हजारांत लहान घेणारे ठाण्यात आपणच," इति नवरा. त्याचं चुकलं नाही. क्रिकेटचा स्कोअर त्याला आता पुढे वाकून वाचावा लागतो, आणि ते तो दर ओव्हरला करून दाखवतो. आठ फुटांवरून ठिपके मात्र दिसत नाहीत, मी चष्मा पुसून बघितलं. रिक्षातून कळवा पुलावरून आणताना खोकं आडवं ठेवू देईना मी, उभंच धरून बसले.

पहिल्या संध्याकाळी सासूबाईंनी दिवाणावरून बराच वेळ काही न बोलता बघितलं. मग म्हणाल्या, "ही खलनायिका सावळी आहे होय? मला माहीतच नव्हतं."

ब्राइटनेस मी ५५ वर ठेवलाय, पट्ट्या टिकाव्यात म्हणून. संध्याकाळी पतपेढीतून आले की तो १०० वर असतो. नवरा म्हणतो मी नाही, मुलगा म्हणतो मी नाही. सासूबाई म्हणतात, मला बाई ते सेटिंग वगैरे काही कळत नाही.