तापीकाठचा दगड आणि समुद्राचा किनारा

आम्हा खान्देशातल्या माणसांना समुद्र तसा लांबचाच. तरीही किनारा कसा घडतो हे समजून घ्यायचे असेल तर सुरुवात आपल्या बेसाल्टपासूनच करावी, असे माझे मत आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला हा काळा पाषाण धुळे-नंदुरबारकडे ऊन-पावसाने विदारण होऊन काळी माती बनतो, तर रायगड जिल्ह्यातल्या हरिहरेश्वरला त्याच जातीच्या दगडावर लाटा आदळतात.

लाट नुसती आपटत नाही. ती खडकाच्या भेगेतली हवा दाबून धरते आणि पाणी मागे सरताच ती हवा एकदम मोकळी होते, त्यामुळे भेग रुंदावत जाते. पायथा पोखरला गेला की वरचा भाग कोसळतो, कडा मागे हटतो आणि समोर सपाट तरंगघर्षित मंच, म्हणजे लाटांनी घासून काढलेला खडकाचा ओटा, उरतो. हरिहरेश्वरच्या खडकांवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जी जाळी दिसते, ती मात्र बरीचशी मिठाची करणी: छिद्रांत शिरलेले खारे पाणी उन्हात आटते, मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचे कण सुटे करतात.

किनारा झिजतो तसा नद्यांच्या गाळाने भरलाही जातो. धूप दिसली की सगळे समुद्राला दोष देतात. नदीच्या गाळाचा हिशेब कोणी फारसा मांडत नाही. आमच्या शिवारांतला गाळ तापी सुरतेपुढे खंबातच्या आखातात नेत असे. 1972 मध्ये उकाई धरण झाल्यापासून त्यातला बराचसा जलाशयातच अडकतो.