एक्सयूव्ही ७०० की सफारी: ‘मधली सीट सोडली तर सगळं तेच आहे, सर’

आमच्या घरातली गाडीत बसणारी माणसं सहा. मी, बायको, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा, आई आणि दादा, म्हणजे माझे वडील. पुण्याहून चिपळूणला गणपती, शिमगा, मे महिना असं जाणं-येणं सुरूच असतं, आणि जुन्या हॅचबॅकमुळे दर वेळी कुणाला तरी एसटी धरावी लागायची. २०२४ च्या उन्हाळ्यात तीन रांगांची गाडी घ्यायचं ठरलं. कर्जाचं एका दुपारी झालं. डिझेल ऑटोमॅटिक यावर घरात वाद नव्हता. शेवटी उरल्या दोन: महिंद्राची एक्सयूव्ही ७०० आणि टाटाची सफारी.

कागदावर एक्सयूव्ही पुढे. २.२ लिटरचं डिझेल इंजिन, १८५ पीएस ताकद, ऑटोमॅटिकमध्ये ४५० एनएम टॉर्क, म्हणजे खेचण्याचा जोर. सफारीचं २ लिटर, १७० पीएस आणि ३५० एनएम. चालवताना हा फरक पहिल्या ओव्हरटेकलाच कळतो. मला एकट्याला गाडी घ्यायची असती तर हा लेख इथेच संपला असता. सुरक्षिततेवरून निवड करावी तर दोन्हींना ग्लोबल एनकॅप या क्रॅश टेस्टचे पाच तारे आहेत. सफारीला २०२३ मध्ये भारत एनकॅप या आपल्याकडच्या चाचणीचेही पाच मिळाले. म्हणजे तिथे सामना बरोबरीत.

खरा प्रश्न होता कोण कुठे बसणार. दादांचा गुडघा दुखतो, ते पुढे. आईला घाटात मळमळतं, तिला मागच्या रांगेत बसवणं म्हणजे दर दोन वळणांनी गाडी थांबवणं. ती दुसऱ्या रांगेत. धाकट्याची चाइल्ड सीट आयसोफिक्सची, म्हणजे गाडीच्या सीटमधल्या हुकांना अडकवायची, तीही दुसऱ्या रांगेतच लागणार. राहिल्या बायको आणि मुलगी, त्या तिसऱ्या रांगेत. आता गंमत बघा. सात सीटरला दुसऱ्या रांगेत सलग बाक असतो. तिसऱ्या रांगेत जायचं तर त्याचा एक भाग दुमडून पुढे उलटावा लागतो. त्यावर चाइल्ड सीट बसवलेली असेल तर तो उलटत नाही. ती दुसऱ्या बाजूला बसवली तर प्रत्येक चहाच्या थांब्याला आईला आधी उतरवायचं, सीट उलटायची, मागच्यांना बाहेर काढायचं. सहा सीटरमध्ये मात्र दोन वेगळ्या कॅप्टन सीट असतात आणि मधून बोळ असतो. बायकोला तिथूनच मागे जाता येईल, मुलाला पाण्याची बाटली देता येईल. थोडक्यात, आम्हाला जे बघायचं होतं ते त्या बोळातच होतं.

आणि इथेच माझं घोडं अडलं.

शोरूम कुठल्या कंपनीचं ते लिहीत नाही. हा कंपनीपेक्षा त्या डीलरचा प्रकार होता, आणि त्याच कंपनीच्या दुसऱ्या डीलरकडे मला नीट वागणूक मिळाली. तर त्या शोरूममध्ये डेमोची गाडी होती सात सीटर. मी म्हटलं, मला सहा सीटर बघायची आहे. सेल्सवाला मुलगा अगदी गोड. म्हणाला, “सर, मधली सीट सोडली तर सगळं तेच आहे.” अरे बाबा, मला ती मधली सीट सोडलेलीच तर बघायची आहे!

मग “पुढच्या सोमवारी येतेय सर” सुरू झालं. सोमवारी फोन केला की गाडी स्टॉकयार्डात. नंतर ती दुसऱ्या शाखेत. नंतर एका कस्टमरला अर्जंट डिलिव्हरीत गेली, म्हणे. दरम्यान घरी टेस्ट ड्राइव्हला पाठवतो म्हणून तीच सात सीटर सोसायटीत आली. तिसरी रांग दुमडलेली, तिच्या पाठीवर प्लास्टिक तसंच, वर ब्रोशरचे गठ्ठे. गठ्ठे काढून रांग उभी केली तर म्हणे मागे कुणाला बसवायचं नाही, नियम आहे. बरोबर सेल्सवाला आणि शोरूमचा ड्रायव्हर. तीन रांगांच्या गाडीत त्यांची दोन माणसं, आमची दोन, आणि फेरी सरळ हायवेवर पुढच्या सिग्नलपर्यंत. आई साडी बदलून खाली आली होती. तिला परत वर पाठवताना मला जो संताप आला तो अजून पुरता उतरलेला नाही.

वर मॅनेजरचा फोन: “तुम्ही बुकिंग करून टाका ना सर, मग सहा सीटर लगेच मागवतो. पैसे रिफंडेबल आहेत.” म्हणजे आधी लग्न, मग मुलगी बघायला या. मी नाही म्हटलं. ज्यांना अशी ऑफर येते त्यांना माझं सांगणं एवढंच, की गाडीला हात लावल्याशिवाय एक रुपया देऊ नका. रिफंड मिळतो, पण तो मागायला पुन्हा त्याच माणसाला फोन लावावा लागतो.

शेवटी मार्ग काढला तो मीच, आणि त्याचा मला थोडा अभिमान आहे. शनिवारी सकाळी सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथे गाडी द्यायला आणि घ्यायला आलेले मालक चहाचा कप घेऊन बसलेले असतात आणि त्यांना वेळच वेळ असतो. सहा सीटरवाले एक काका भेटले. गाडी धुऊन तयार होती. त्यांनी स्वतःहून आईला फोन करून बोलवा म्हटलं, बायकोला मागे बसवलं, मुलांना बोळातून पळवलं. त्यांच्या गाडीतली कुरकुर कुठून येते, कुठल्या कामाला किती बिल आलं, सगळं सांगितलं. असलं काही शोरूममध्ये कोण सांगणार? दोघींतली दुसरी गाडी एका दिवसासाठी सेल्फ ड्राइव्हवर भाड्याने घेतली आणि जुन्या कात्रज घाटातून सगळ्यांना फिरवून आणलं. पैसे गेले, पण एवढ्या मोठ्या खरेदीपुढे ते काहीच नाहीत.

निकाल बायकोने दिला. एक्सयूव्हीच्या तिसऱ्या रांगेत तिचे गुडघे वर येत होते, मुलगी मजेत होती. सफारीत मांडीला आधार जास्त आणि डोक्यावर जागा बरी वाटली. पाच फूट चार इंचाच्या बाईला चिपळूणपर्यंत बसता येईल, असं तिचं मत पडलं. एसीचे व्हेंट दोन्हींत मागे आहेत. पण टेस्ट ड्राइव्ह भर दुपारी घ्या आणि मागे बसून घ्या, सकाळी आठला सगळेच एसी चांगले असतात. सफारी घेतली.

हे आधीच सांगायला हवं होतं: पार्किंगची रुंदी मोजा. लांबीत दोघींत फारसं काही नाही, ४६९५ आणि ४६६८ मिमी. पण रुंदीला एक्सयूव्ही १८९० आणि सफारी १९२२ मिमी, आरसे वेगळे. आमच्या दोन खांबांमध्ये सफारी बसते, पण दादांना मात्र बाहेरच उतरवून घ्यावं लागतं.

पैशांचं थोडक्यात. महाराष्ट्रात डिझेल गाडीला दहा ते वीस लाखांत १४ टक्के आणि वीसच्या वर १५ टक्के रोड टॅक्स लागतो, म्हणून वीसच्या काठावरचं व्हेरिएंट घेताना ऑन-रोड, म्हणजे टॅक्स-इन्शुरन्स धरून होणारा आकडाच बघा. १ टक्का टीसीएस, म्हणजे डीलरने आगाऊ घेतलेला इन्कम टॅक्स, लावतात तो इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये वळता करून घ्या, बरेच जण विसरतात. इन्शुरन्स बाहेरून घेता येतो. बाहेरचं कोटेशन नुसतं टेबलावर ठेवलं तरी शोरूमचा आकडा खाली येतो. ‘हँडलिंग चार्जेस’वर काट मारायला सांगा. गाडीची तपासणी रजिस्ट्रेशनच्या आधी करा, नंतर ओरखडा दिसून उपयोग नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५ ला या वर्गाच्या गाड्यांवरचा जीएसटी आणि सेस मिळून लागणारा कर कमी होऊन ४० टक्क्यांवर आला, त्याबद्दल माझ्याशी कृपया बोलू नका.

कुंभार्ली घाटात भरल्या गाडीनिशी सफारी चढाला जरा विचार करते, तिथे ते ४५० एनएम आठवतात. तिसरी रांग उभी असली की मागे सहा जणांचं सामान मावत नाही, हे दोन्ही गाड्यांना लागू. आम्ही टपावर कॅरिअर बसवला. गौरी-गणपतीचं सामान वर, आंब्याच्या पेट्या येताना वर, आणि गाडीत फक्त माणसं.