तुमच्या शेतात तिवरं कशी वाढली?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लग्नात, बाराव्याला, ऑफिसात डबा खाताना, सगळ्यांचा प्रश्न एकच: खारेपाटातली, म्हणजे खाडीकाठची, चांगली भातजमीन, तिच्यात तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, रान माजेपर्यंत तुम्ही करत काय होतात? पूर्वी खारं पाणी अडवणारा बांध फुटला की अख्खं गाव उतरायचं म्हणे.

म्हणे कशाला, उतरायचंच. जोळ पद्धत होती, घरटी माणूस ठरलेला. मग १९४८ चा खारजमिनींचा कायदा आला, पुढे १९७९ चा. बांध सरकारी योजनेत गेले आणि फावडी माळ्यावर. त्यात समुद्रही पूर्वीचा राहिलेला नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगभरात तो सरासरी २० सेंटिमीटर चढला. अलीकडचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर, म्हणजे भाताच्या दाण्याहूनही कमी. पण आजोबांनी उधाणाच्या खुणेवर जेवढी उंची राखून बांध घातला होता, तिच्यातली थोडी अशीच गेली. वरून बांध खचतो, खेकडे आतून पोखरतात.

हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता माझ्या आधी बायकोच सांगते. खोटं काहीच नाही त्यात. फक्त त्या आषाढाबद्दल मी बोलत नाही.

पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. रात्रीच्या भरतीला बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडली, बैलगाडी जाईल एवढी. आवाज झाला नाही म्हणतात. सकाळी आई शेतावर गेली तर लावणीत बोईट मासे उड्या मारत होते. तिने ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकली. तिसऱ्या दिवशी रोपं शेंड्यापासून तांबडी पडायला लागली.

खांड बुजवायची ती भांगाला. पौर्णिमा आणि अमावास्येच्या मधोमध भरतीचा जोर उतरतो, तेव्हा ओहोटीत खुंट ठोकायचे, पेंढा आणि चिखलाचे थर द्यायचे आणि अमावास्येच्या उधाणाआधी उरकायचं. चार-पाच दिवस मिळतात. काकांचा मुंबईला फोन आला, "आयतवारी भांग हाय, येशील ना?"

मी म्हणालो, बांध सरकारचा आहे, आधी अर्ज करा, फोटो जोडा. वर हेही सुनावलं की आपण फुकट राबलो तर उद्या कोणी दखल घेणार नाही. त्या दिवशी मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. रविवारी मी घरीच होतो. ड्युटी होती असं आजवर सांगत आलोय. नव्हती.

तिथे अकरा माणसं उतरली, त्यांतली सहा साठीच्या पुढची. बाबा कमरेइतक्या चिखलात उभे होते. निम्मी खांड बुजली होती. अमावास्येला जुनं-नवं सगळं गेलं आणि चाळीस हातांची वाट झाली.

मी गेलो असतो तर बारा झाले असते. बाराव्याने काय फरक पडला असता? मीच हा प्रश्न विचारतो आणि मलाच तो पळवाट वाटतो.

पुढचं तुम्हाला दिसतंच. नुसतं पाझरत असतं तर 'पनवेल ३' सारखं मीठ सोसणारं भात लावलं असतं. दिवसातून दोनदा भरती आत आल्यावर कुठलं भात? शेजाऱ्यांनी जिताडा माशांची तळी केली, आम्ही भाऊ-भाऊ वाटणीवरून भांडत बसलो. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने राज्यभर तिवरतोडीला मनाई केली. निकाल योग्यच आहे, तिवरं लाटा अडवतात, मुंबईत त्यांच्यासाठी मी सह्याही केल्यात. माझ्या सातबाऱ्यावर मात्र अजून भात आहे. ते वाचताना मी नक्की कोणाच्या बाजूचा, हे मला ठरवता येत नाही.

परवा काकांच्या नातवाचा फोन होता. पलीकडच्या बांधाला पाझर लागलाय, घरटी एक माणूस हवाय. या वेळी भांग बुधवारी येतो. रजेचा अर्ज अजून टाकलेला नाही.