मणी पुढे, मन मागे

मंगळवारची दुपार होती आणि कॅथलिकांच्या जपमाळेत दुःखाची रहस्ये, म्हणजे येशूच्या दुःखसहनातले चिंतनासाठी घेतलेले पाच प्रसंग, चालू होती. तिसऱ्या रहस्याच्या शेवटी बोटे मोठ्या मण्यावर येऊन अडली, तेव्हा माझ्या लक्षात आले की काट्यांच्या मुकुटावर चिंतन करीत म्हणावयाचे दहाही ‘नमो मारिया’ म्हणून झाले आहेत आणि त्यांतला एकही मला आठवत नाही. तेवढ्या अवधीत मी खिडकीची सैल झालेली कडी मनातल्या मनात बसवून घेतली होती, एका नातेवाइकांच्या खोचक बोलण्याला निरनिराळी उत्तरे योजून त्यांतले सर्वांत झोंबणारे निवडले होते आणि कपाटाच्या वरच्या फळीवरचे सामान कोणाला द्यावे, याचाही निर्णय जवळजवळ घेतला होता. ओठ मात्र इमानाने हलत होते. मग ती प्रार्थना केली कोणी, असा प्रश्न मला पडला आणि उरलेली दोन रहस्ये मी त्या प्रश्नाचाच विचार करीत संपवली. म्हणजे तीही गेलीच.

लहानपणी पापनिवेदनाला जाताना आम्हा मुलांची यादी ठरलेली असे. खोटे बोललो, आईचे ऐकले नाही, प्रार्थनेत लक्ष नव्हते. पहिल्या दोन पापांसाठी आठवडाभरातले प्रसंग आठवून पाहावे लागत, तिसऱ्याला प्रसंगाची गरजच नसे. जाळीपलीकडचे फादर ते ऐकून घेत आणि पुढे जात. लक्ष नव्हते, तर मग ते होते कोठे, असे त्यांनी एकदा तरी विचारावे, असे मला फार वाटे, कारण त्याचे उत्तर माझ्याजवळ तपशीलवार तयार असे.

संध्याकाळच्या घरच्या जपमाळेत आजी पुढे म्हणत असे. ‘नमो मारिया’चा पहिला अर्धा भाग तिचा आणि ‘पवित्र मारिया, देवाच्या माते’पासूनचा दुसरा आम्हा सर्वांचा, अशी ती विभागणी होती. आमचा भाग चालू असताना आजीला जे चार-दोन क्षण मोकळे मिळत, तेवढ्यात ती अवघे घर चालवीत असे. डोळ्यांनी एकाला सरळ गुडघे टेकायला लावी, दुसऱ्याच्या हातातले खेळणे काढून घेववी, चुलीवरचे दूध उतू जाण्याच्या बेतात आहे हे तिला आतल्या खोलीतून कळे आणि ‘दूध बघ गं’ एवढे शब्द ती दोन प्रार्थनांच्या फटीत असे बसवून देई की ते मूळच्या प्रार्थनेतच असावेत. मणी मात्र तिचा कधी चुकला नाही. त्या वयात मला वाटे की आजीचे प्रार्थनेत मुळीच लक्ष नसते आणि मोठ्यांना कोणी विचारत नाही म्हणून हे खपून जाते. आज माझे मत अगदी उलट झाले आहे, पण ते का झाले हे मला नीट मांडता येईलच असे नाही.

जपमाळेनंतर लोरेटोची स्तुतिमाला येई. पोप सिक्स्टस पाचवे यांनी 1587 साली मान्यता दिलेली ही येशूच्या आईच्या, मारियेच्या, बिरुदांची रांग म्हणजे आमच्या संध्याकाळचा शेवटचा टप्पा असे आणि तोवर धाकटी भावंडे पेंगू लागलेली असत. दाविदाचा मनोरा, हस्तिदंती मनोरा, सुवर्णगृह, कराराचा कोश, स्वर्गाचे द्वार, प्रभाततारा. यांतल्या हस्तिदंती मनोऱ्यापाशी मी रोज अडत असे. असा मनोरा उभारायला किती हत्तींचे दात लागतील, मनोऱ्याला आतून जिना असेल का, पावसात तो पिवळा पडत असेल का, हे सगळे ठरेपर्यंत बाकीचे घर स्वर्गाच्या द्वारापर्यंत पोहोचलेले असे. ‘आम्हांसाठी प्रार्थना कर’ हा प्रतिसाद मी देतच असे, पण तो मनोऱ्यालाच उद्देशून.

पुढे कधीतरी संत थोमस अक्वायनस यांचे विवेचन वाचनात आले, तेव्हा मला या मनोऱ्याची आठवण झाली. तोंडी प्रार्थनेला अवधान लागते का, या प्रश्नाचा तेराव्या शतकातल्या या पंडिताने आपल्या नेहमीच्या थंड डोक्याने विचार केला आहे. त्यांच्या मते अवधान तीन प्रकारचे असते: शब्द चुकू नयेत म्हणून शब्दांकडे, शब्दांच्या अर्थाकडे, आणि ज्याची प्रार्थना करावयाची त्या देवाकडे. यांतले तिसरे सर्वांत आवश्यक, आणि ते अगदी अडाणी माणसालाही साधते, असे ते म्हणतात. शिवाय प्रार्थनेला पुण्यप्रद ठरविण्यास आरंभीचा हेतू पुरेसा असतो. तो हेतू शुद्ध असला, तर मन वाटेत अजाणता भरकटले म्हणून प्रार्थनेचे पुण्य नाहीसे होत नाही. मात्र आत्म्याला प्रार्थनेतून त्याच वेळी जे पोषण मिळते, ते लक्ष नसेल तर मिळत नाही, असेही त्यांनी लगेच नोंदवून ठेवले आहे. एकंदर हिशेब मला न्याय्य वाटतो. हस्तिदंती मनोऱ्याची वर्षे निदान पहिल्या प्रकारात जमा धरायला हरकत नसावी.

जपमाळेच्या बाबतीत तर ही गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे, कारण तिच्यात शब्दांकडे लक्ष देणे हे अपेक्षितच नाही. ओठांनी एक म्हणावयाचे आणि मनाने दुसरेच पाहावयाचे, अशी तिची रचना आहे. मठांतले संन्यासी स्तोत्रसंहितेतली 150 स्तोत्रे गात. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यासाठी तितक्याच संख्येचे ‘नमो मारिया’ आले आणि त्यांना पंधरा रहस्यांची जोड मिळाली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 साली प्रकाशाची पाच रहस्ये सुचवली, ती सुंदरच आहेत, पण मी पंधरांवर वाढलेली आहे आणि दीडशेचा तो जुना मेळ मोडायला माझे मन घेत नाही. हा माझा हट्ट म्हणावा. सांगायचे ते असे की मण्यावर बोट, ओठांवर देवदूताचे अभिवादन आणि डोळ्यांपुढे गेथशेमनीची बाग, अशी तीन ठिकाणे एकाच वेळी सांभाळायची असतात. चौथ्या ठिकाणी खिडकीची कडी शिरली, तर तिला दोष तरी किती द्यावा? चिंतनावाचून जपमाळ म्हणजे आत्म्यावाचून शरीर, असे पोप पॉल सहावे यांनी 1974 साली बजावून ठेवले आहे. ते मला मान्य आहे. परंतु शरीरही काही कमी कामाचे नसते, असे हळूच म्हणावेसे वाटते.

दुःखाच्या पहिल्या रहस्यात, त्या गेथशेमनीच्या बागेत, तर झोपलेली माणसेच आहेत. येशू रक्ताचा घाम गाळीत प्रार्थना करतो आहे आणि दगड फेकला तर पडेल एवढ्या अंतरावर पेत्र, याकोब आणि योहान गाढ झोपी गेले आहेत. ‘तुम्हांला घटकाभरही माझ्याबरोबर जागे राहता येत नाही का?’ हा प्रश्न येशूने प्रेषितांना विचारला आणि तरीही ते पुन्हा झोपले. चिंतनासाठी दिलेल्या प्रसंगातच चिंतन न जमलेले तिघे बसवून ठेवावेत, यात एक प्रकारचा समंजसपणा आहे.

संतांच्या चरित्रांत मी अलीकडे असलेच उतारे शोधीत असते. चमत्कारांची पाने भराभर उलटते. संत ऑगस्टीन हिप्पोचे बिशप झाल्यानंतर लिहितात की शर्यतीच्या मैदानात सशामागे धावणारा कुत्रा पाहायला मी आता जात नाही, पण वाटेने जाताना शेतात तोच देखावा दिसला तर माझा गंभीर विचारही सुटून जातो. आणि घरी बसलेलो असताना माश्या पकडणारी पाल किंवा त्यांना जाळ्यात गुंडाळणारा कोळी मला खिळवून ठेवतो. त्या प्राण्यांवरून आपण पुढे निर्मात्याच्या स्तुतीकडे वळतो हे खरे, पण पाहायला लागलो ते त्यासाठी नव्हे, अशी प्रामाणिक पुस्तीही ते जोडतात. एवढा मोठा माणूस भिंतीवरच्या पालीकडे टक लावून बसला आहे, हे चित्र मला त्यांच्या सगळ्या तत्त्वचर्चेपेक्षा जवळचे वाटते.

दुपारच्या वेळेचा तर वेगळाच दुष्टात्मा असतो, असे चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेले संन्यासी एव्हाग्रियस सांगतात. सकाळी दहाच्या सुमारास तो संन्याशाला धरतो आणि दोनपर्यंत सोडत नाही. सूर्य हलेनासा होतो, दिवस पन्नास तासांचा वाटू लागतो आणि जेवणाची तिसऱ्या प्रहराची वेळ अजून किती लांब आहे हे पाहायला तो बिचारा पुन्हा पुन्हा कोठडीबाहेर डोकावतो. माझी जपमाळ नेमकी जेवणानंतरची असल्यामुळे मला भुकेची सबब नाही. अविलाच्या संत तेरेजा तर उघड लिहितात की प्रार्थनेला ठरवलेला तास केव्हा संपतो आणि घड्याळाचे ठोके केव्हा ऐकू येतात, याकडेच कित्येक वर्षे त्यांचे अधिक ध्यान असे. लोयोलाचे संत इग्नेशियस यांचा सल्ला नेमका उलट आहे: कंटाळा आला तर ठरल्या वेळेपेक्षा थोडे जास्तच बसावे. सल्ला उत्तम असणार, पण मला घड्याळाचे ठोके अधिक कळतात.

आणि लिझ्यूच्या धाकट्या तेरेजा! जपमाळ एकटीने म्हणणे मला प्रायश्चित्ताचे साधन अंगावर वागवण्यापेक्षा कठीण जाते, रहस्यांवर मन ठरतच नाही, हे त्यांनी लिहून ठेवले, तेव्हा त्या मठात होत्या आणि मृत्यू जवळ आला होता. 1897 साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी त्या गेल्या आणि शंभर वर्षांनी ख्रिस्तसभेने त्यांना आपल्या महान गुरूंच्या पंक्तीत बसवले. सात वर्षे मी प्रार्थनेत झोपी जात आले, पण मला त्याचा विषाद वाटत नाही, कारण मुले झोपलेली असोत की जागी, आईवडिलांना ती सारखीच प्रिय असतात, असे त्या म्हणतात. संध्याकाळच्या ध्यानाच्या वेळी जवळ बसणारी एक भगिनी चमत्कारिक बारीक आवाज करीत असे. तो आवाज ऐकू नये म्हणून धडपडताना घाम फुटू लागला, तेव्हा त्यांनी तोच आवाज संगीत ऐकावे तसा लक्षपूर्वक ऐकायला आरंभ केला आणि तेच संगीत येशूला अर्पण केले. ही युक्ती मी करून पाहिली आहे. शेजारच्या बाकावर नाक ओढणारे गृहस्थ असले, तर ती चालत नाही.

माझा एक जुना खाष्टपणा इथे सांगून टाकते. प्रार्थनेत आपले मन क्षणभरही विचलित होत नाही, असे सांगणाऱ्या माणसांवर माझा विश्वास बसत नाही. संत बर्नार्ड यांच्याविषयीच्या आख्यायिकेतला शेतकरी असेच म्हणाला होता. मन न हलू देता प्रभूची प्रार्थना एकदा पूर्ण म्हण आणि माझे जनावर घेऊन जा, असे संतांनी त्याला सांगितले; अर्ध्यावर त्याच्या मनात आले की जनावराबरोबर खोगीरही मिळेल का. मला तो शेतकरी फारच सज्जन वाटतो, कारण हे त्याने कबूल केले. मन भरकटले तर रागावू नये, त्याला हळुवारपणे पुन्हा प्रभूपाशी आणून ठेवावे, असे संत फ्रान्सिस द सेल्स शिकवीत. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथातही आहे की भरकटणाऱ्या विचारांची शिकार करायला निघणे म्हणजे त्यांच्याच सापळ्यात सापडणे. त्याच परिच्छेदात पुढे असे आहे की आपण कशात अडकलेलो आहोत, हे ते विचार आपल्याला दाखवून देतात. हे वाचल्यापासून नातेवाइकांसाठी निवडलेले ते झोंबणारे उत्तर मला जरा अडचणीचे झाले आहे.

वडिलांच्या शेवटच्या आजारपणात आम्ही त्यांच्या उशाशी जपमाळ म्हणत असू. त्या दिवसांत माझे मन एकाही रहस्यावर टिकले नाही. ते सलाइनच्या थेंबांवर होते, दोन श्वासांमधल्या अंतरावर होते, कोणाला कळवायचे राहिले आहे यावर होते. ‘आता आणि आमच्या मरणाच्या वेळी’ हे शब्द मी जन्मभर मुळीच लक्ष न देता म्हणत आले होते आणि त्या खोलीत त्यांतल्या दोन वेळा एक होत चालल्या होत्या. तेव्हाही मी ते लक्ष देऊन म्हटले, असे म्हणवत नाही. स्वतःचे शब्द शोधावे लागले असते, तर मला एकही सापडला नसता, इतके खात्रीने सांगता येते. हे शब्द आधीपासून तोंडात बसलेले होते, आणि ते तसे बसले होते ते आजीच्या डोळ्यांच्या धाकात, उतू जाणाऱ्या दुधाच्या आणि हस्तिदंती मनोऱ्याच्या संगतीत, हजार वेळा मन नसताना म्हटल्यामुळे. वडीलही त्याच तालमीतले असल्याने, शुद्ध अर्धवट असतानासुद्धा आमचा भाग आला की त्यांचे ओठ हलत.

आता अडचण उरते ती थोमस अक्वायनस यांच्या एका अटीची. अजाणता भरकटलेल्या मनाला त्यांनी सवलत दिली आहे. जाणूनबुजून भरकटू दिलेल्या मनाला दिलेली नाही. ते पाप आहे, असे ते स्वच्छ म्हणतात. खिडकीची कडी अजाणता आली, हे मी शपथेवर सांगेन. परंतु त्या उत्तराचे काय? पहिले उत्तर आपसूक सुचले, दुसरेही कदाचित. तिसरे मात्र मी चवीने घडवले आणि बोटांखालून मणी सरकतो आहे हे तेव्हा मला अंधूकपणे कळतही होते. हे कोणत्या खात्यात धरावे, याचा निवाडा मला करता येत नाही. पुढच्या पापनिवेदनाच्या वेळी फादरांनाच विचारीन म्हणते, पण ते प्रायश्चित्त म्हणून बहुधा एक जपमाळच सांगतील.