कुरियर कोणतं चांगलं? आधी पिनकोड सांगा

पुण्याहून नाशिकला किंवा ठाण्याला अर्ध्या किलोचं पाकीट पाठवायचं असेल, तर कंपन्यांची तुलना करत बसण्यात वेळ घालवू नका. कोणाकडेही टाका, बहुतेक वेळा दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी पोचतं. खरी परीक्षा अहेरी, धडगाव, मंडणगड, दोडामार्ग असल्या पत्त्यांवर होते. तीच कंपनी एका तालुक्यात ठरल्या दिवशी माल पोचवते आणि शेजारच्या तालुक्यात तिचं पार्सल आठवडाभर शाखेत पडून असतं. म्हणून मसाले, लोणची, पुस्तकं, साड्या घरून विकणाऱ्यांनी कंपनीच्या नावापेक्षा मार्ग धरावा: आपली शाखा ते गिऱ्हाइकाची शाखा. भरवसा मोजायचा तो या मार्गाचा.

मार्ग म्हणजे हातबदल. काउंटरवर घेतलेलं पार्सल संध्याकाळी पोत्यात जातं, पोतं गाडीने भिवंडी किंवा चाकणसारख्या हबला (माल छाननीच्या मोठ्या केंद्राला), तिथे फोडून पुन्हा नव्या पोत्यात, मग दुसऱ्या हबला, तिथून जिल्ह्याच्या शाखेत, तिथून तालुक्याच्या फ्रँचायझीकडे आणि शेवटी मोटारसायकलवर. चूक होते ती हात बदलताना: पोतं चुकतं, लेबल फाटतं, स्कॅन राहून जातो. समजा, प्रत्येक हातबदल शंभरातले नव्याण्णव वेळा बिनचूक होतो. चार हातबदलांनंतर शंभरातली ९६ पार्सलं नीट जातात, आठ झाले तर ९२. नव्याण्णव टक्के ऐकायला छान वाटतात, पण आठ वेळा गुणले की पुरत नाहीत.

एसटीच्या किंवा खासगी बसच्या पार्सलला म्हणूनच हसू नये. रत्नागिरीहून पुण्याला हापूसची पेटी पाठवायची तर एकच गाडी, चढवताना एक हात आणि उतरवताना एक. घरपोच मिळत नाही, गिऱ्हाइकाला स्टँडवर जावं लागतं, रात्री-पहाटे गाडी आली तर कटकट होते. पण मधल्या मधे गोदामात पेटी उन्हात तापत पडण्याचा धोका फार कमी. पिकायला लागलेल्या आंब्याला तेच महत्त्वाचं.

आता पिनकोडकडे या. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेल्या या सहा आकड्यांतला पहिला विभाग दाखवतो (४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड) आणि पहिले तीन मिळून टपालाची छाननी होणारा जिल्हा. ही रचना टपालाच्या वाहतुकीसाठी आहे, महसुली जिल्ह्यांची नव्हे. म्हणून ४१५ ने साताराही सुरू होतं आणि रत्नागिरी, चिपळूण, दापोलीही. ४१६ मध्ये कोल्हापूर, सांगली आहेत आणि सावंतवाडी, देवगडसुद्धा. मधे सह्याद्री उभा आहे, पण पहिल्या तीन आकड्यांवरून दर आणि दिवस ठरवणाऱ्या तक्त्याला तो दिसत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आंबा, कुंभार्ली, आंबोली किंवा करूळ घाटात दरड आली की त्याच तीन आकड्यांची घाटावरची पार्सलं वेळेवर आणि कोकणातली खोळंबलेली, असं चित्र दिसतं. आपल्या वहीत म्हणून ४१५ आणि ४१६ चे घाटावरचे आणि घाटाखालचे असे दोन-दोन भाग करायचे. एवढ्याने निम्मा गोंधळ संपतो.

वही कशी ठेवायची ते सांगतो, कारण बहुतेकांची तुलना इथेच फसते. दर पार्सलमागे एवढे रकाने पुरतात: पिनकोड, कंपनी, वजन, पैसे आधी मिळालेले की पोचल्यावर घ्यायचे, पहिला प्रत्यक्ष स्कॅन, गिऱ्हाइकाच्या शाखेत पोचल्याची वेळ, पहिल्यांदा 'डिलिव्हरीसाठी बाहेर' दिसल्याची वेळ, प्रत्यक्ष हातात पडल्याची वेळ आणि शेरा. घड्याळ सुरू करायचं ते पहिल्या प्रत्यक्ष स्कॅनपासून. लेबल तयार झाल्याची तारीख धरली तर उचलायला न आलेल्या माणसाचा उशीर वाहतुकीच्या माथी बसतो. तोही उशीरच आहे, पण त्याला वेगळा रकाना हवा, कारण त्यावरचा उपाय वेगळा: काउंटरवर स्वतः नेऊन देणं.

काउंटरवर नेताना गाडी निघायची वेळ विचारा. शाखा रात्री आठपर्यंत उघडी असते, पण हबची गाडी सहाला निघून गेलेली असू शकते. सातला दिलेलं पार्सल पावतीवर आजचं, प्रवासाला उद्याचं. शनिवारी सातला दिलेलं तर थेट सोमवारचं.

दिवस जमले की सरासरी काढायचा मोह होतो. तो आवरा. मानू या, एका मार्गावर दोन कंपन्यांना दहा-दहा पार्सलं दिली. पहिलीला लागले २, २, २, २, ३, ३, ३, ३, ८, ९ दिवस. दुसरीला ४, ४, ४, ४, ४, ४, ४, ४, ५, ५. सरासरी पहिलीची ३.७, दुसरीची ४.२. कागदावर पहिली सरस. पण गिऱ्हाइकाला तारीख सांगायची तर दुसरीच्या भरवशावर 'पाच दिवसांत' म्हणता येतं आणि ते खरं ठरतं. पहिलीच्या भरवशावर 'तीन दिवसांत' म्हटलं तर दहातल्या दोघांचे फोन ठरलेले. म्हणून आकडे चढत्या क्रमाने लावा आणि दहातला नववा, विसातला अठरावा बघा, म्हणजे दहातली नऊ पार्सलं किती दिवसांत पोचतात ते कळतं. मला तरी सरासरीपेक्षा तो एक आकडा जास्त कामाचा वाटतो.

हरवण्याच्या बाबतीत मात्र लहान वही फसवते. तीस पार्सलं दिली, एकही हरवलं नाही, तर छाती फुगवू नका. शून्य घटना दिसल्या तर ३ ला एकूण संख्येने भागायचं, हा संख्याशास्त्रातला ढोबळ नियम. ३० पैकी शून्य म्हणजे खरा दर १० टक्क्यांपर्यंतही असू शकतो. ३०० पैकी शून्य असेल तर एक टक्क्याच्या आत असल्याचं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. तसंच उलट: पहिल्या पाचात एक हरवलं म्हणून कंपनी सोडण्याचीही घाई नको.

सगळ्यात मोठी गफलत वाटणीची. शहरातली सोपी पार्सलं खासगी कुरियरने आणि 'तिकडे कोणी जात नाही' म्हणून खेड्यातली पोस्टाने पाठवायची, आणि वर्षाअखेरीला म्हणायचं, पोस्ट हळू आहे. अवघड पत्ते पोस्टाच्याच वाट्याला आले, मग दुसरं काय होणार? तुलना करायची तर एकाच मार्गावरची पार्सलं एकाआड एक वाटा, विषम क्रमांकाचं इकडे, सम क्रमांकाचं तिकडे. पोचल्यावर पैसे घेण्याच्या ऑर्डरी वेगळ्या मोजा, कारण तिथे गिऱ्हाइकाने मन बदललं तरी पार्सल परत येतं आणि दोष वाहतुकीला लागतो. दिवाळीपूर्वीचे तीन आठवडेही वेगळे काढा.

कंपन्यांची घडण कळली की वहीतले आकडे उमगायला लागतात. टपाल खात्याची सुमारे १ लाख ६४ हजार कार्यालयं आहेत आणि त्यातली नव्वद टक्क्यांच्या आसपास ग्रामीण भागात. शेवटचा माणूस ग्रामीण डाक सेवक असतो, आणि त्याला गावातलं प्रत्येक घर माहीत असतं. 'सेवा उपलब्ध नाही' हे उत्तर तिथे सहसा ऐकू येत नाही. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, आणि त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरच्या नव्या दरांबरोबर पाच रुपये अधिक जीएसटी भरून ओटीपी सांगितल्यावरच डिलिव्हरी, अशी सोय आली. किमती वस्तूसाठी हे पाच रुपये वाचवू नका. 'पोचलं' दाखवतंय आणि हातात काही नाही, या भांडणाची मुळंच त्याने तुटतात.

ब्लू डार्टकडे स्वतःची मालवाहू विमानं आहेत, त्यामुळे नागपूर-चेन्नई किंवा मुंबई-गुवाहाटी अशा लांबच्या शहरी मार्गांवर तिची मजल मोठी. दर चढे आहेत, आणि चाळीस रुपयांच्या पापडासाठी ते परवडत नाहीत. डीटीडीसी मुख्यतः फ्रँचायझीवर चालते. फ्रँचायझीवाला दर पार्सलमागे ठरावीक रक्कम मिळवतो, म्हणून बारा किलोमीटरवरच्या वाडीचं एकच पार्सल असेल तर पेट्रोल सुटत नाही आणि तो आणखी दोन-चार जमेपर्यंत थांबतो. यात बदमाशी नसते, हिशेब असतो. पण फ्रँचायझी चालवणारा माणूस चांगला असेल तर तोच मार्ग सोन्यासारखा चालतो. म्हणून गिऱ्हाइकाच्या गावच्या शाखेला एकदा फोन करून विचारावं: या वाडीला आठवड्यातून किती वेळा जाता? डेल्हिवरी आणि पुण्याची एक्सप्रेसबीज ऑनलाइन खरेदीच्या मालावर वाढल्या. त्यांचं स्कॅनिंग नेटकं असतं आणि सेलच्या दिवसांत हब तुंबतात. २०२५ मध्ये डेल्हिवरीने ईकॉम एक्सप्रेस विकत घेतली. असं झालं की काही शाखा एकत्र होतात, माणसं बदलतात. त्या मार्गांची जुनी पानं मिटून नव्याने मोजायला लागा.

ट्रॅकिंग वाचायला शिकलात तर निम्म्या तक्रारी योग्य दारात जातात. नमुना घ्या. सोमवारी १८.४० ला पुण्यात बुक. मंगळवारी ०३.१० ला हबमध्ये आलं, ०५.३० ला निघालं. मंगळवारी रात्री कोल्हापूर. बुधवारी ११.०० ला सावंतवाडी शाखा. मग शनिवारी ०९.३० ला 'डिलिव्हरीसाठी बाहेर'. पाच दिवस लागले, पण पुण्यापासून सावंतवाडीपर्यंत दोन दिवसही लागले नाहीत, उरलेले तीन शाखेत गेले. इथे ग्राहक सेवा क्रमांकावर ओरडून काही होत नाही, सावंतवाडीच्या शाखेशीच बोलावं लागतं. याउलट दोन स्कॅनमधे हबच्या आत ४८ तासांपेक्षा जास्त शांतता असेल, तर पोतं चुकीच्या गाडीत गेल्याची किंवा लेबल निघाल्याची शक्यता असते. तक्रार त्याच दिवशी नोंदवा. खोक्याच्या आत पत्त्याची दुसरी चिठ्ठी टाकलेली असली तर लेबल गेलेलं पार्सलही सापडतं.

'ग्राहक उपलब्ध नाही' हा शेरा रात्री साडेआठ-नऊच्या सुमाराला पडलेला दिसला की संशय घ्यावा. दिवसाअखेरी प्रत्येक पार्सलपुढे काहीतरी लिहावंच लागतं, मग राहिलेल्या सगळ्यांपुढे हाच शेरा एका दमात मारला जातो. गिऱ्हाइकाला विचारा, फोन आला होता का? आला नसेल तर कॉलच्या यादीचा स्क्रीनशॉट घेऊन सकाळी नऊच्या आत पुन्हा पाठवायची सूचना नोंदवा, कारण त्या दिवसाची यादी सकाळीच लागते. साधारण तीन प्रयत्नांनंतर पार्सल उलट फिरतं आणि बऱ्याच ठिकाणी परतीचं भाडंही आपल्याच माथी. लेबलवर दोन फोन नंबर आणि खूण लिहिली ('मारुती मंदिरामागे' चालेल, 'गावात विचारा' नको), तर असे शेरे बरेच कमी होतात.

वजनाचा वाद हाही भरवशाचाच भाग आहे. बिल अनपेक्षित आलं तर स्वस्त कुरियर स्वस्त राहत नाही. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं आणि प्रत्यक्ष वजनाशी ताडायचं. जे जास्त, ते भाडं. काही जण ५००० ऐवजी ४००० ने भागतात, करार वाचून घ्या. दोन किलो चिवडा ४० × ३० × २० च्या खोक्यात भरला तर ४.८ किलोचं भाडं पडतं. तोच ३५ × २५ × २० मध्ये बसवला तर साडेतीनचं. खोक्याला मोजायची टेप लावून आणि काट्यावर ठेवून काढलेले दोन फोटो जपून ठेवा. मध्यस्थ पोर्टलवर (अनेक कुरियर कंपन्यांचं बुकिंग एकाच जागी करून देणाऱ्या संकेतस्थळावर) हरकत घ्यायची मुदत थोड्या दिवसांचीच असते.

फुटण्या-सांडण्यात निम्मा दोष पॅकिंगचा असतो, म्हणून तुलना करताना पॅकिंग सगळीकडे सारखंच ठेवा. काचेच्या बरणीला पाच थरांचा पुठ्ठा, चहूबाजूंनी पाच सेंटिमीटर भरण, वरखाली इंग्रजी एच अक्षरासारखी टेप. भरलेलं खोकं कमरेएवढ्या उंचीवरून कोपऱ्यावर पाडून बघा. हबमध्ये यापेक्षा प्रेमाने कोणी हाताळत नाही. लोणच्याच्या बरणीत वर दोन बोटं जागा सोडा आणि तोंडाला सील लावा. विमानात दाब कमी झाला की तेल झाकणातून वाट काढतं.

भरपाईवर फार मदार ठेवू नका. स्पीड पोस्टचा नियम वर्षानुवर्षं असा: हरवलं किंवा फुटलं तर भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यातलं जे कमी ते. खासगी पावतीच्या मागेही बारीक अक्षरांत जबाबदारीची मर्यादा छापलेली असते आणि ती पार्सलमधल्या पैठणीच्या जवळपासही नसते. तेव्हा पाच हजारांवरच्या मालाला विमा घ्या, बिलाची प्रत आत आणि बाहेर लावा. खोकं चेपलेलं आलं तर सही करण्याआधी पावतीवरच 'खोकं फाटलेलं, वजन कमी' असं लिहायला गिऱ्हाइकाला सांगून ठेवा. कोरी सही झाली की दावा जवळजवळ संपलाच. पार्सल मध्यस्थ पोर्टलवरून बुक केलेलं असेल तर दावा त्यांच्याकडेच करायचा, शाखा तुम्हाला ओळखत नाही.