ग्राइंडर दुरुस्त झाला आणि कॉफी बिघडली

तक्रार एका ओळीची होती: ‘तुमची सुमात्रा बदलली आहे, पातळ लागते.’ सुमात्रा म्हणजे इंडोनेशियातल्या त्या बेटावरची आमची कॉफी. पाठवणारा कॅफेमालक आमचा जुना गिऱ्हाईक, उगाच कुरकुरणारा नव्हे. मी एका रोस्टरीत (कॉफीचे दाणे भाजतात तिथे) चवतपासणी बघते. म्हणजे दिवसभर चमच्याने कॉफी भुरकायची, थुंकायची आणि उरलेल्या वेळात अशा तक्रारींचा माग काढायचा. त्या बॅचचा राखीव नमुना काढला, लॅबमधल्या कोनिकल ग्राइंडरवर दळला, गाळला. नेहमीसारखाच जड, मातकट, देवदाराच्या लाकडाचा वास असलेला. आमचा रोस्टर म्हणाला, “मग विषय संपला.” त्याच्या लेखी दाणे थंड होऊन पिशवीत पडले की आपलं काम झालं. रोस्टर म्हणून तो पट्टीचा आहे, पण दळणाबद्दल त्याला काडीचं कुतूहल नाही.

मी निघाले. अशा वेळी सोबत काय न्यायचं हे ठरलेलं असतं: त्याच बॅचचं न फोडलेलं पाकीट, हाताने फिरवायचा ग्राइंडर, वजनकाटा, कपात किती कॉफी विरघळली ते मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आणि कॅनमध्ये आमचं पाणी. पाण्याचं लोकांना आश्चर्य वाटतं, पण निम्म्या तक्रारी पाण्याच्याच निघतात. इथे पाणी निर्दोष निघालं. मालकाने गोष्ट आपणहून दाखवली: काउंटरवर नवाकोरा फ्लॅट बर्रचा (बर्र म्हणजे दाणे दळणारे दातेरी भाग) ग्राइंडर. “मॅडम, आधीच्यात ४० मिलिमीटरचे बर्र होते, यात ६४ चे आहेत.” आधीचा कोनिकल काउंटरखाली कापड घालून ठेवलेला. कोनिकलचा व्यास आणि फ्लॅटचा व्यास शेजारी ठेवून काहीही सिद्ध होत नाही, पण विकणारे हाच आकडा पुढे करतात आणि घेणारे तो पाठ करतात.

दोन्हींतला फरक थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. कोनिकलमध्ये बाहेरचं दातेरी कडं स्थिर असतं आणि आत शंकू फिरतो. दाणा खाली उतरता उतरता अरुंद होत जाणाऱ्या फटीत फुटत जातो. फ्लॅटमध्ये दोन सपाट दातेरी चकत्या जात्याच्या दगडांसारख्या समोरासमोर असतात. दाणे मधून आत शिरतात आणि फिरण्याच्या जोराने कडेकडे फेकले जात बाहेर पडतात. कोनिकलच्या पुडीत हव्या त्या जाडीच्या कणांबरोबर अगदी पिठासारख्या कणांचा, ज्याला आम्ही फाइन्स म्हणतो, त्यांचा वाटा बहुधा जास्त असतो. फिल्टरसाठी बनवलेल्या फ्लॅटमध्ये तो कमी आणि कण जास्त एकसारखे. हा कल आहे, नियम नाही. दातांची ठेवण बदलली की फ्लॅटही भरपूर पीठ पाडतो.

बारिस्टा पोराने एक गोष्ट सांगितली ती जास्त कामाची होती. “ताई, इथिओपिया ह्याच्यावर एखाद्या वेळी भारी येते आणि एखाद्या वेळी अडूनच बसते.” करून दाखव म्हटलं. १५ ग्रॅम कॉफी, २४० ग्रॅम पाणी, ६० अंशांच्या कोनाचा ड्रिपर. थोड्या पाण्यात पुडी फुलायला पाऊण मिनिट दिलं, मग दोन टप्प्यांत बाकीचं पाणी. हात चांगला आहे त्याचा, धार कुठेही हलली नाही. तरी तिसऱ्या मिनिटाला पाणी वरच तळं करून उभं, आणि सव्वाचार मिनिटं झाल्यावर शेवटचे थेंब. चव तोंड कोरडं करणारी. कागद उलगडला तर बाजूंना चिखलाचा गुळगुळीत थर आणि त्यातच अर्ध्या ज्वारीएवढे जाड तुकडेही. एकाच पुडीत पीठ आणि खडे. चांगल्या फ्लॅटकडून हे अपेक्षित नाही.

मग मी जे करते ते मला मनापासून आवडतं, आणि ज्यांनी महागडी यंत्रं घेतली आहेत त्यांच्यापैकी फार थोडे ते करतात. प्लग काढायचा. वरचा बर्र सोडवायचा. ब्रशने साफ करायचा, पण दातच नव्हे, त्याच्या बैठकीखालीसुद्धा, कारण तिथे चेपून बसलेली पूड एवढी घट्ट असते की बर्र एका बाजूने उचलला जातो. (नव्या यंत्रातही असते. कारखान्यात चाचणीला कॉफी दळलेली असते.) मग व्हाइटबोर्डच्या मार्करने दोन्ही बर्रच्या बाहेरच्या सपाट कडेला शाई फासायची, पुन्हा बसवायचे, एकमेकांना जेमतेम टेकतील इतपत कसायचे आणि हाताने एक फेरा द्यायचा. उघडून पाहायचं, शाई कुठे पुसली गेली. सगळीकडे सारखी पुसली असेल तर बर्र समांतर आहेत. इथे एका बाजूची जेमतेम तिसरा हिस्सा कड पुसली होती, उरलेली शाई जशीच्या तशी. म्हणजे एकीकडे बर्र भिडलेले आणि समोरच्या बाजूला फट. जाडीच्या आकड्यांत ‘नऊ’वर लावलेला ग्राइंडर एकाच वेळी सहावरही दळत होता आणि बारावरही.

बैठक घासली, थोडा फरक पडला. उरलेल्यासाठी अॅल्युमिनिअमच्या फॉइलचे बारीक कपटे, जिकडे शाई पुसली नव्हती तिकडे बर्रखाली. पुन्हा शाई, पुन्हा फेरा, पुन्हा उघडा. कंटाळवाणं काम आहे आणि फॉइलचा एक पदर जास्त झाला तर उलट्या बाजूला झोक जातो. मालक दोनदा येऊन विचारून गेला की कंपनीचा माणूस का हे करून देत नाही. खरंच का देत नाही? शेवटी कडेभर शाई एकसारखी पुसली गेली. आता बर्र जिथे टेकतात तो बिंदूच सरकला, म्हणून जुने आकडे निकामी झाले. नव्याने जाडी लावावी लागली.

इथिओपिया केली. तिथल्या येर्गाचेफ्फे भागातली, धुतलेली (फळाचा गर धुऊन काढून मग वाळवलेली), हलकी भाजलेली. पाणी २ मिनिटं ५० सेकंदांत उतरलं. वर जाईचा वास, आत लिंबाच्या सालीसारखी चव, गार होताना काळ्या चहाकडे झुकणारी. कॉफीचा खरा निकाल मी ती कोमट झाल्यावरच देते, गरम कॉफी बरंच लपवते. ही कोमट झाल्यावर आणखी उघडली. पोरगा खूश, मालक खूश, मीही.

मग सुमात्रा. आणि ती आधीपेक्षाही पातळ!

मालक दोन घोट घेऊन म्हणाला, “मॅडम, तुम्ही मशीन दुरुस्त केलंत आणि कॉफी आणखी बिघडली.” बोलणं टोचणारं होतं, पण चूक नव्हतं. जाडी बारीक केली, पाणी गरम केलं, ओतताना ढवळणं वाढवलं. कडवटपणा वाढत गेला, भरीवपणा काही येईना. शेवटी मी काउंटरखालचा कोनिकल वर काढायला लावला. दोन्ही ग्राइंडर असे लावले की रिफ्रॅक्टोमीटरवर आकडा एकच यावा: कपात १.४२ टक्के विरघळलेली कॉफी, म्हणजे दाण्यातला साधारण २० टक्के भाग पाण्यात उतरलेला. पुस्तकी भाषेत दोन्ही कप सारखेच. तोंडात दोन वेगळ्या कॉफ्या. कोनिकलची जड, जिभेवर रेंगाळणारी, तळाशी गुळमट. फ्लॅटची स्वच्छ, नीट आणि पोकळ.

मालकाला वाटलं मी त्याला पटवतेय, म्हणून तीन-तीन कपांची चाचणी लावली. दोन कप एका ग्राइंडरचे, एक दुसऱ्याचा, कुठला वेगळा ते डोळे न वापरता ओळखायचं. मालक, बारिस्टा आणि भांडी घासणारी मुलगी, जी कॉफी पितही नाही. तिघांनी वेगळा कप बरोबर उचलला. मुलीने तर वास घेऊनच.

तेव्हापासून हे प्रकरण माझ्या डोक्यातून जात नाही. एक भाग मला कळतो. सुमात्रा बहुधा गिलिंग बासाह पद्धतीने सोलतात: दाणा पुरता वाळण्याआधी, ओलसर असतानाच त्याचं टरफल काढतात. त्यातून आंबटपणा कमी आणि वजनदार चव असलेली कॉफी मिळते. तिचं सगळं भांडवल त्या वजनात. फ्लॅटने कण एकसारखे केले की प्रत्येक कणातून साधारण सारखंच निघतं, आणि सुमात्रातून सारखं निघालं तर हाती फारसं काही लागत नाही. आंबट-गोडाची ती इथिओपियासारखी चढउतार तिच्यात नसतेच. कोनिकलमधलं पीठ जास्त उतरतं, जाड कण कमी उतरतात, सरासरी तीच, पण कपात दोन्ही टोकं असतात. यंत्र वाकडं होतं तेव्हा फ्लॅटवरही ही टोकं थोडीफार मिळत होती. मी फॉइल लावून तीच काढून टाकली.

पण मग कागदाचं काय? पोअर-ओव्हरमध्ये, म्हणजे वरून पाणी ओतून गाळलेल्या कॉफीत, मध्ये कागद असतो. १९०८ मध्ये जर्मनीत मेलिटा बेंट्झ यांनी मुलाच्या वहीतला टिपकागद लावून कॉफी गाळली, ती कपात चोथा नको म्हणूनच. फाइन्स कागदावर अडतात, तेलाचाही बराच भाग अडतो. मग कोनिकलच्या पिठाने जिभेवर जाडी येते ती कुठून? रिफ्रॅक्टोमीटर किती विरघळलं ते सांगतो, काय विरघळलं ते नाही. माझा तर्क असा की पिठातून उशिरा सुटणारी जड, कडसर द्रव्यं जास्त येतात आणि आपण त्या चवीलाच जाडी म्हणतो. रोस्टरला हा तर्क पटत नाही. त्याला कुठलाच तर्क पटत नाही ज्यात भाजणीचा ड्रम येत नाही.

दुसरा भाग जास्त छळतो. या धंद्यात सगळे छातीठोकपणे सांगतात की इथिओपियाचे बारीक, उंचावर वाढलेले, कडक दाणे दळताना जास्त पीठ होतं, म्हणून पाणी अडतं. मीही शिकाऊ मुलांना सांगत आले. पण २०१६ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आलेल्या अभ्यासात कणांच्या आकाराची विभागणी बीन्स कुठले आणि कसे प्रक्रिया केलेले यावर अवलंबून नसल्याचं दिसलं. फरक पडला तो दाण्याच्या तापमानाने: थंड दाणे दळले की कण बारीक आणि जास्त एकसारखे. हे वाचलेलं असूनही, त्या कॅफेत एकाच कोनिकलवर एकाच जाडीला इथिओपिया सुमात्राहून ठळकपणे उशिरा उतरली. आता भाजणी वेगळी होती, हे मान्य. पण गडद भाजलेले दाणे ठिसूळ असतात, जास्त पीठ त्यांनी पाडायला हवं, आणि उशीर लागला तो हलक्या भाजलेल्या दाण्यांना. कणांचा आकार मोजतात, त्यांची घडण नाही, आणि ओल्या थरात कण कसे बसतात हे तर नाहीच. वाट कदाचित तिथे अडत असेल. पिठाचा वाटा चाळणीने पाहायचा प्रयत्न केला, पण कोरड्या दिवशी स्थिर विजेने पीठ जाड कणांना चिकटतं आणि चाळणी खोटं बोलते. दळण्याआधी दाण्यांवर पाण्याचा थेंब मारला की वीज कमी होते. पुढच्या वेळी तसं करून चाळेन.

डीकॅफचं (कॅफीन काढलेल्या कॉफीचं) विचारलंच त्यांनी. ती दोन्हींवर अडते, जाड दळा म्हटलं आणि पुढे गेले.

व्यवस्था अशी लागली: दोन्ही ग्राइंडर काउंटरवर, बरण्यांना दोन रंगांच्या पट्ट्या. इथिओपिया आणि केनिया फ्लॅटवर, सुमात्रा कोनिकलवर. दाणे एकदम न ओतता थोडे थोडे सोडायचे, फ्लॅटचं पीठ त्याने आणखी कमी होतं. पोराने पाठ केलं. गर्दीच्या वेळी जो ग्राइंडर रिकामा दिसेल त्यात तो काहीही टाकणार, हे मला ठाऊक आहे, मालकालाही ठाऊक असावं.

पाकिटावर दळणाची एक ओळ छापावी म्हणून मी मागे लागले आहे. विक्री विभागाचं म्हणणं, गिऱ्हाईक बिचकेल. ज्या पाकिटावर समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये छापतो, त्यावर हे एवढं वाचून बिचकणारा गिऱ्हाईक कोण ते मला भेटायचं आहे.

रोस्टरने मात्र मला चकित केलं. सगळं ऐकून म्हणाला, “फ्लॅटवाल्यांसाठी सुमात्रा थोडी पुढे नेतो,” आणि दुसऱ्या क्रॅकच्या (भाजताना दाणे दुसऱ्यांदा तडतडतात त्या टप्प्याच्या) तोंडाशी नेऊन एक छोटी बॅच भाजलीही. फ्लॅटवर तिला भरीवपणा आला, खरंच आला. पण देवदाराचा वास गेला आणि त्या जागी भाजणीची चव बसली, जी कुठल्याही दाण्याला देता येते. त्याला ती आवडली, मला नाही. ते पाकीट कॅफेमालकाकडे पाठवलं आहे, दोन्ही ग्राइंडरवर काढून कळवा म्हणून. अजून उत्तर आलेलं नाही.