चुंबळ घरी ठेवून

नवमीच्या रात्री मी पिशवी भरत होते, तेवढ्यात हे दारात येऊन उभे राहिले.

"म्हणजे तू खरंच चाललीस?"

"खरंच."

"आणि माझ्या भाकरीचं काय?"

"पीठ डब्यात आहे, तवा खुंटीला आहे. एकादशीला तुमचा उपासच असतो. प्रश्न एका दिवसाचा आहे."

७२ वर्षांच्या माणसाचा चेहरा पहिल्या दिवशी अंगणवाडीत सोडलेल्या पोरासारखा झाला. तीसेक वर्षं अंगणवाडीत काढल्यामुळे तो चेहरा मला पाठ आहे. त्याच्याकडे बघायचं नसतं. पाठ फिरवायची आणि कामाला लागायचं, पोर पाच मिनिटांत गप्प होतं.

आमची वारी तशी लहानच. पूर्णगडच्या अलीकडे आमची वाडी आहे, तिथून रत्नागिरीच्या विठ्ठल मंदिरापर्यंत सुमारे २५ किलोमीटर, दीड दिवसाचं चालणं. त्या देवळाला आमच्याकडे प्रतिपंढरपूर म्हणतात आणि कार्तिकीला तिथे मोठी यात्रा भरते. घाटावरची माणसं विचारतात, तुम्ही आषाढीला का निघत नाही? आषाढात आम्ही गुडघाभर चिखलात लावणीला वाकलेले असतो, निघणार कोण! कार्तिकात भात झोडून घरात आलेलं असतं, त्याच दळ्यांत कुळीथ पेरून झालेले असतात, तेव्हा कुठे देवाची आठवण काढायला सवड होते. विठोबाला हे ठाऊक असावं.

सासरे माळकरी होते. दर कार्तिकीला ते पंढरपूरला जायचे. सासूबाई एकदाही गेल्या नाहीत. गोठ्यात दोन म्हशी, त्यांचं कोण करणार? मी नवीन असताना एकदा विचारलं तर म्हणाल्या, "तुळशीला पाच फेरे मार आणि चुलीपाशी जा, झाली वारी." त्यांना त्याचं काही वाईट वाटत होतं असंही नाही. वाटत असेल तर त्यांनी ते कुणाला कळू दिलं नाही.

माझं लग्न १९७८ सालचं. हे मुंबईला गिरणीत, मी इथे. गणपतीला आणि शिमग्याला नवरा भेटायचा, कोकणातल्या निम्म्या बायकांचे संसार असेच झाले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि काही महिन्यांनी हे ट्रंक घेऊन गावी आले ते कायमचे. मग दोन मुलं, चार गुंठे जमीन, पुढे अंगणवाडीचं मानधन, आणि शेवटची नऊ वर्षं सासूबाई अंथरुणाला. ६५ पूर्ण झाली तेव्हा माझं काम संपलं. हार, नारळ, साडी मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मी सवयीने अंगणवाडीच्या वाटेला लागले होते, अर्ध्यातून परत आले. नंतरचं वर्ष कसं गेलं ते विचारू नका. कपाटातली भांडी मी तीनदा घासली.

वाडीतल्या बायकांचं भजन मंडळ कार्तिकीला दिंडी नेतं हे मी अनेक वर्षं बघत होते, म्हणजे त्यांना खिचडीचे डबे भरून देत होते. या वेळी डबे भरायला बसले आणि माझी धाकटी जाऊ म्हणाली, "वहिनी, डबे सूनबाई भरेल. तू चल की." एवढं सोपं होतं ते.

दशमीला दुपारी आम्ही निघालो. तेहतीस माणसं, त्यातल्या बावीस बायका. पुढे पताका, मागे टाळकरी, पखवाज, विणेकरी, आणि मागे आम्ही. फर्लांगभर गेलो असू, तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझा उजवा हात सारखा वर जातोय. डोक्याकडे. जाऊ म्हणाली, "डोकं दुखतंय का गो?" दुखत नव्हतं. मी भारा सावरत होते, जो नव्हताच.

या रस्त्यावर मी आयुष्यभर चालले आहे. पण कधी रिकामी चालले? विहिरीवरून कळशी, रानातून कवळाचे आणि गवताचे भारे, गिरणीतून पिठाचा डबा, बाजारातून तांदळाची पाटी. पोषण आहाराची पोतीसुद्धा पहिली काही वर्षं आम्हीच डोक्यावरून आणायचो. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर ओझं, काखेत पोर. आज ६६ व्या वर्षी खांद्याला एक कापडी पिशवी, बस. मानेला सुचेना काय करावं. मी इकडे तिकडे बघायला लागले. ओझं असलं की माणूस समोर आणि पायाखाली बघतो, बाजूला बघता येत नाही. पूर्णगडच्या खाडीचं पाणी मुचकुंदीचं म्हणतात, ते दुपारच्या उन्हात कसं दिसतं हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. घरापासून हाकेच्या अंतरावर.

पावसला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मुक्काम एका नातेवाइकांच्या पडवीत होता. पाय धुतले आणि आम्ही सगळ्या स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीला गेलो. इथे एक जुनी गोष्ट आहे, ती मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. स्वामींनी १५ ऑगस्ट १९७४ ला देह ठेवला. माझं माहेर इथून जवळच. सगळा गाव अंत्यदर्शनाला गेला, आई गेली, आजी गेली. मी सोळा वर्षांची, मागच्या पडवीत बाजूला बसलेली, कारण मी तेव्हा बाहेरची झाले होते. कोणी रागावलं नाही की काही नाही. नुसतं दार लोटून गेले. नंतरची कित्येक वर्षं देवाकडचा कुठलाही बेत ठरला की मी आधी कॅलेंडर बघायचे. हळदीकुंकू, सत्यनारायण, गौरी, सगळ्यांत तेच गणित. पाळी गेली तेव्हा बायका म्हणतात तसं काही उदास-बिदास वाटलं नाही मला. एक कॅलेंडर भिंतीवरून उतरलं एवढंच.

समाधीपाशी मी बराच वेळ बसले. जाऊ येऊन विचारून गेली, "उठतेस ना?" मी म्हटलं, "पन्नास वर्षं उशीर झालाय, अजून पाच मिनिटं बसते." तिला काही कळलं नाही, पण ती पण बसली.

एकादशीला पहाटे चारला निघालो. चंद्र बुडाला होता, पोरांनी बॅटऱ्या धरल्या होत्या. गोळपचा सडा चढेपर्यंत हरिपाठ म्हणत होतो, चढावर मात्र फक्त पखवाज आणि आमचे श्वास. उजाडलं तेव्हा आम्ही वर होतो. पिवळं पडलेलं गवत, दव, मधेच काळा जांभा आणि सगळीकडून आकाश. दिंडीत सगळे एकमेकांना माऊली म्हणतात. मी तीसेक वर्षं "बाई" होते, त्याआधी अमक्याची सून, नंतर अमक्याची आई. माऊली म्हणवून घ्यायला सकाळी जरा लाज वाटत होती, नऊ वाजेपर्यंत मीच पोरांना "माऊली, पाण्याची बाटली दे" म्हणू लागले.

आता एक गोष्ट वारीच्या वर्णनांत कोणी लिहीत नाही, ती मी लिहिते. बायकांनी रस्त्यावर जायचं कुठे? पुरुष कुठल्याही गडग्यापाशी उभे राहतात. आम्ही काजूच्या कलमांमागे पाच-पाच जणी जायचो, दोघी साडी धरून आडोसा करायच्या. सगळ्या साठीच्या पुढच्या. गुडघे असे की बसलं तर उठता येत नाही, मग एकीने दुसरीला ओढून काढायचं. शेजारची काकू, ७१ वर्षांची, एकदा ओढताना मागे पडली ती थेट गवतात, आणि आम्ही पाचही जणी इतक्या हसलो की पुढची दिंडी थांबली. विणेकरी बिचारे विचारायला मागे आले. त्यांना काय सांगणार! सोय व्हायला पाहिजे हे आहेच, ग्रामपंचायतीत मी तसा अर्ज देणार आहे. पण त्या हसण्याची सय मात्र अजून येते.

कोळंब्याला फराळ झाला. उकडलेली रताळी, कणगरं, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी. सूनबाईने डबे नीट भरले होते, मीठ जरा कमी. तिथे पहिल्यांदा तुळस माझ्याकडे आली. पितळेचं वृंदावन आळीपाळीने बायका डोक्यावर घेतात, तो मान असतो. जावेने ते माझ्यापुढे धरलं आणि मी म्हणाले, "नको."

सगळ्या गप्प झाल्या. तुळशीला कोणी नको म्हणतं? मलाही ऐकून कसंसं झालं. पण तोंडातून तेच आलं. कालपासून रिकाम्या झालेल्या डोक्याची मला नुकती कुठे गोडी लागली होती. जावेने काही न बोलता ते वृंदावन तिच्या सुनेच्या डोक्यावर दिलं. सव्वीस वर्षांची पोरगी, पुण्यात कंपनीत कामाला, सुट्टी टाकून हौसेने आलेली.

फणसोप गेलं, उतार लागला, आणि भाट्याच्या पुलावर पोचेपर्यंत दुपार झाली होती. काजळी नदी तिथे समुद्राला मिळते. त्या वेळेला पश्चिमेचा वारा पुलावर असा लागतो की पताका आडवी होते. ती पोरगी दोन्ही हातांनी वृंदावन धरून चालली होती, मान ताठ, डोळे भरलेले. पदर उडतोय, तो आवरायला तिसरा हात नाही. मागून गाड्यांचे हॉर्न. मला ती काय करतेय ते दिसत होतं. ती ओझं हातांनी पेलत होती. ओझं हातांनी पेलायचं नसतं, कमरेने पेलायचं असतं, पण हे कंपनीत कोण शिकवणार?

मी पिशवीतून टॉवेल काढला, दोन पीळ दिले, चुंबळ झाली. हाताला विचारावं लागलं नाही. "दे इकडे बाय," म्हटलं, आणि तुळस डोक्यावर घेतली. दोन्ही हात सोडले. पुलाच्या मधोमध वारा कानात भरला, खाली राजिवड्याच्या होड्या डोलत होत्या, आणि मी हातात टाळ घेऊन वाजवत चालले. पाण्याच्या तीन कळश्यांपुढे ते वृंदावन म्हणजे काय, फूल! पोरगी बाजूने चालता चालता म्हणाली, "काकू, हात न लावता? कसं काय?" मी म्हटलं, "पोटाला विचार." आणि तिला कमरेत हात घालून दाखवलं, पाऊल कसं टाकायचं ते. पूल संपेपर्यंत तिला बऱ्यापैकी जमलं. मग तुळस तिची तिला परत दिली.

देवळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. रांग मोठी, ऊन कडक, आत ढकलाढकली. विठोबाचा चेहरा मला धड दिसलाही नाही, हार तेवढे दिसले. बाहेर आलो तर एक दिंडी रिंगण करून फुगड्या घालत होती. आमच्याकडे गौरी-गणपतीत रात्र रात्र फुगड्या चालतात आणि एके काळी मी त्यात पटाईत होते. मुलाचं लग्न झालं त्या वर्षी मी थांबले. सासू झालीस, आता फुगडी नको, असं कोणी म्हणालं नव्हतं. मीच आपली भिंतीला टेकून बसायला लागले.

काकूने हात पुढे केले. मी म्हटलं, "माझ्या गुडघ्यात गॅप आहे, डॉक्टरांनी सांगितलंय." ती म्हणाली, "माझ्या दोन्हीत आहे. ये."

हात तिढ्यात धरले, पाय जुळवले, अंग मागे टाकलं. पहिले दोन फेरे भीतीने गेले. मग आजूबाजूचे चेहरे एकमेकांत मिसळले, कळस, पताका, केळीवाल्याची गाडी, सगळं एक झालं, आणि समोर फक्त काकूचं बोळकं, उघडं, हसणारं. किती फेरे झाले कोण जाणे. जावेची सून मोबाइलवर काढत होती. तो व्हिडिओ मी अजून बघितलेला नाही. बाहेरून ते कसं दिसत होतं ते मला नकोच आहे.

गुडघा चार दिवस सुजला होता, हेही सांगून टाकते.

परतीला एसटी. बायकांना अर्धं तिकीट. काकू कंडक्टरला म्हणाली, "साठ वर्षांपूर्वी पण आमचं अर्धंच होतं, मधे उगाच वाढलो." मी खिडकीपाशी बसले. मांडीवर तो टॉवेल होता, अजून पीळ तसाच. पुलावर गाडी आली आणि फोन वाजला. हे होते.

"अगो, साबुदाणा भिजवायचा असतो हे तू सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाही."

"मी तसाच कढईत टाकला. आता काय करू?"

"दुसरा घ्या, धुवा, भिजत घाला."

"किती वेळ?"

"आता घातलात तर द्वादशीला मी येईन तेव्हा जमेल," मी म्हटलं. "मी आज रात्री माहेरी उतरणार आहे."